रात्रीच्या सात फेऱ्या

"सात येळा उठतो मी रातीतून," असं म्हणत बाबांनी भुरीच्या कानामागची गोचीड चिमटीत धरली, ओढली आणि शेकोटीत टाकली. चट् असा आवाज झाला. आमची ही कुत्री घरी आम्हाला कानाला हात लावू देत नाही. इथे ती नुकतीच ओळख झालेल्या माणसापुढे मान वाकडी करून बसली होती, दुसरा कानही बघा म्हणत असल्यासारखी.

शेकोटी पऱ्हाटीची होती. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाटीला जळताना एक कडवट, किंचित तेलकट वास येतो. तो गाडीच्या पडद्यांत शिरला आणि घरी येऊन दोनदा धुतल्यावरही पुरता गेला नाही. मी पडदे तिसऱ्यांदा धुतले नाहीत, हेही सांगून टाकते.

संभाजीनगरहून निघालं की अजिंठा गाव लागतं, मग घाट, आणि घाट उतरला की फर्दापूरच्या अलीकडे लेण्यांकडे वळणारा फाटा. सगळे त्याला टी-पॉइंट म्हणतात. आपली गाडी इथपर्यंतच. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. गाड्यांच्या धुराने चित्रांना इजा होऊ नये म्हणून ही सोय आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गेल्या हिवाळ्यात पाहुण्यांना लेणी दाखवायला आले होते, तेव्हा या फाट्यावर मी एक दृश्य पाहिलं. कर्नाटक पासिंगची एक उंच गाडी उभी होती. टपावर सोलरची पॅनेलं, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. बाजूला घडीच्या खुर्चीत एक तरुण बसलेला, पायाशी भलाथोरला लॅब्रॅडोर. आम्ही सकाळी गेलो तेव्हा हे असं. दुपारी परत आलो तर कुत्रा तोच, खुर्ची तीच, खुर्चीत मात्र एक तरुणी. नवरा आता लेण्यांत गेला होता. "आम्ही सगळा देश असाच बघतो, अर्धा त्याने, अर्धा मी," ती हिंदीत म्हणाली आणि हसली. रात्री गाडी कुठे लावता, असं विचारल्यावर मात्र हसली नाही. "तोच रोजचा प्रश्न आहे," म्हणाली.

त्या एका वाक्यासाठी मी या फेब्रुवारीत पुन्हा फर्दापूरला गेले. सोबत मोठी बहीण, आमची जुनी इको व्हॅन आणि भुरी. इकोची मागची सीट दुमडून वर प्लायवूडची फळी टाकली की दोघींची पथारी होते. वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन, एक शेगडी, एक बादली. व्हिडिओंत दिसणाऱ्या असल्या राहत्या गाड्यांत बेसिन असतं, फ्रिज असतं, लाकडी कपाटं असतात आणि शेवटी सूर्यास्त असतो. ते सांडपाणी कुठे ओततात, ते कुणी दाखवत नाही.

रविवारी संध्याकाळी पोचलो. सोमवारी लेणी बंद असतात, हे सगळा जन्म संभाजीनगरात काढलेल्या आम्हा दोघींपैकी एकीलाही आठवलं नाही. आधी एका लॉजवर विचारलं. मालक भला होता. खोली देतो म्हणाला, कुत्री मात्र बाहेर बांधा. अजिंठ्याच्या या डोंगरांत बिबट्या आहे आणि रात्री खुंट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढलेलं ताट. भल्या माणसाचे आभार मानून आम्ही पंपावर गेलो. तिथल्या पोऱ्याने हवा भरता भरता न विचारताच सांगितलं, "ढाब्याच्या मागं जा, म्हाताऱ्याकडं. त्याच्याकडं गाड्या राहतात."

म्हातारा म्हणजे बाबा. वीसेक गुंठ्यांचा मोकळा तुकडा, वर मुरूम टाकलेला. एक लिंबाचं झाड, बोअरचा एक नळ, खांबावर एक दिवा. एक संडास, त्याच्या दाराला कडी नाही, आतून सुतळी गुंडाळायची. केळीचे दोन ट्रक उभे होते आणि कसलासा भंगाराचा एक टेम्पो. ट्रकला पन्नास रुपये, आम्हाला शंभर. का, असं ताईने विचारलंच. तिला भाजीवालीशीही दोन रुपयांवरून वाद घालायला आवडतो.

"त्यांची गाडी हाये," बाबा म्हणाले. "तुमचं घर हाये."

"आणि कुत्रीचे किती?"

"तिचे काय घ्यायचे, माय? ती बी राखणच करणार."

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन म्हणजे हीच झोपायची सोय असलेली गाडी, आणि ती लावायला कॅराव्हॅन पार्क. पाणी, वीज, रस्ता अशा सोयी असलेली जागा. सरकारी पर्यटक निवासांच्या आवारात करा, खासगी जमिनीवर करा, शेतकऱ्याने शेतात करावा, अशी कल्पना. कल्पना चांगली आहे. बाबांनी तिचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी सांगू लागले तर त्यांनी दोन वाक्यांनंतर विचारलं, "आन रातीला तिथं कोन असतं?" मला उत्तर देता आलं नाही.

राखण हे त्यांचं जन्माचं काम. पोरवयात माळ्यावर उभं राहून गोफणीने ज्वारीवरची पाखरं हाकली. मग या भागात मका आला आणि मक्यामागे रानडुकरं. एका रात्रीत ती पाव एकर लोळवतात, म्हणून पत्र्याचा डबा बडवत शेतात जागायचं. मग पोराने ढाबा काढला. ट्रकवाले जेवून मागच्या रानात गाडी लावून झोपू लागले आणि सकाळी कुणाचं डिझेल गेलेलं, कुणाची ताडपत्री फाडलेली. तेव्हापासून बाबा गाड्या राखतात. "पाखरं, डुकरं आन आता मानसं," असा त्यांनी आपल्या नोकरीचा आलेख सांगितला. तिघांत सोपं कोण, हे विचारायला मला धीर झाला नाही. पण सात हा आकडा त्यांनी त्या एका संध्याकाळी तीनदा सांगितला. एकदा आम्हाला, एकदा ट्रकच्या क्लीनरला आणि एकदा नुसताच, शेकोटीकडे बघत.

त्यांच्या कामातली खरी कलाकुसर मला संध्याकाळीच दिसली. ढाब्याची तीन कुत्री आहेत. आम्ही दार उघडलं तशी तिन्ही मान खाली घालून, कान मागे टाकून आली. भुरीच्या पाठीचे केस ताठ. शहरात अशा वेळी आपण आपल्या कुत्र्याला उचलतो नाहीतर दुसऱ्यांवर ओरडतो. बाबांनी दोन्ही केलं नाही. भुरीची साखळी ताईकडून घेतली, ढिली सोडली आणि तिला घेऊन रानाच्या कडेकडेने निघाले. नळ, लिंब, ट्रक, संडास, बांध. तिन्ही कुत्री मागून, चार हातांवरून. प्रत्येक टायरपाशी, प्रत्येक दगडापाशी थांबायचं. भुरी हुंगणार, मुतणार, मग मागची तिघं येऊन ते हुंगणार आणि वर आपलं लिहिणार. एक वेढा पुरा व्हायला वीस मिनिटं लागली. बाबांनी घाई केली नाही. "हद्द कळू द्यायची. कागदपत्रं करून घेतेत ते."

मग भाकरी. माझ्या हातातला तुकडा मी सवयीने आधी भुरीकडे नेला, तर त्यांनी मनगट धरलं. "आधी घरच्याला. मंग पाहुन्याला. मानसाचं उलटं असतं, कुत्र्याचं आसं." घरच्या तिघांना टाकून झाल्यावर भुरीला मिळाली. भांडण झालं नाही. दहा वर्षं कुत्री पाळून मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांची फी आम्ही भरतो त्या डॉक्टरांनीही नाही.

आम्ही ढाब्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. शेवभाजीचा तिखटपणा खान्देशी होता, जळगाव इथून साठच किलोमीटर आहे याची आठवण देणारा. भांडी घासलेलं पाणी बादलीत धरलं. साबणाचं असेल तर रस्त्याकडे, नुसतं खरकटं असेल तर लिंबाच्या आळ्यात, असा बाबांचा नियम. सांडपाण्याची व्यवस्था एका वाक्यात संपली.

त्या रात्री मी मोजायचं ठरवलं. संशय होता, लपवत नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस रात्रीतून सात वेळा उठतो म्हणजे दर तासाला एकदा. मग तो झोपतो कधी? आकडे वाढवून सांगायची आपल्याकडे चाल आहे. शिवाय शंभर रुपये आम्ही दिले होते.

पहिली फेरी साडेदहाला झाली. बॅटरीचा उजेड आधी, मग काठीचा आवाज. ते प्रत्येक टायरवर काठी टेकवत होते, ठक्, ठक्. टायरखाली लावलेला दगड हललाय का ते काठीने कळतं आणि आत झोपलेल्या ड्रायव्हरला राखण चालू आहे हेही कळतं. डिझेल टाकीच्या झाकणाला हात लावून पाहिला. ताडपत्रीची एक दोरी सुटली होती, ती ओढून बांधली. आमच्या गाडीजवळ मात्र काठी वाजली नाही. पाचेक पावलं आधीच ते थांबले आणि खोकले. मग बाजूने गेले. दुसऱ्या फेरीला तसंच. सर्दी झाली असावी असं मला वाटलं. तिसऱ्या फेरीला लक्षात आलं, खोकला फक्त आमच्या गाडीपाशीच होतो.

सकाळी विचारलं. ते ओशाळले. "बायका हायेत ना आत. पाय वाजले तं दचकायला व्हतं. खोकलं म्हनजे कळतं, म्हातारा हाये."

मी एकटीने, बहिणीसोबत, नवऱ्यासोबत पुष्कळ फिरले आहे. महागड्या हॉटेलांत दाराला तीन कड्या असतात, कॅमेरे असतात, खाली गणवेशातला माणूस असतो. त्या खोकल्याइतकी निश्चिंत झोप मला त्यातल्या कशाने दिल्याचं आठवत नाही. अर्थात तीच अडचण झाली. मी पाच फेऱ्या मोजल्या आणि पुढे झोपले.

"पाचच झाल्या," चहा घेताना मी म्हटलं.

"तुमी झोपले व्हते," बाबा म्हणाले.

सोमवारचा दिवस रिकामा. भुरीला घेऊन फर्दापूर गावात गेलो, सराई बघायला. बुऱ्हाणपूरहून औरंगाबादकडे येणारी मुघलांची वाट या घाटाने वर चढायची आणि घाटाच्या तोंडाशी, चढण्याआधीच्या मुक्कामाला ही सराई. पडझड आता बरीच आहे. पण सराईची रीत सगळीकडे साधारण सारखी. चारी बाजूंनी भिंत, तिला आतून टेकलेल्या ओवऱ्या, मधे मोकळं अंगण, पाणी, आणि दरवाजा, जो दिवे लागणीनंतर बंद व्हायचा. माणसं ओवरीत, जनावरं अंगणात, सामान दोघांच्या मधे. घोडा, बैल, उंट, कुत्रं बाहेर बांधा असं तिथे कुणी म्हणत नसणार. जनावर हेच वाहन होतं, ते बाहेर ठेवून मालकाला झोप कशी येईल? आपण वाहनाला चाकं लावली, जनावर हौसेचं झालं, आणि मग ते खोलीत नको झालं.

हे गाव तसं तंबूंच्या सवयीचं. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. पुढच्या महिन्यात ती जिंकलेल्या इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेचा तळ काही दिवस इथे होता. पुढे १९०९-१० आणि १९१०-११ च्या हिवाळ्यांत इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्या कामाला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार अशी तरुण मंडळी आली, हैदराबादहून सय्यद अहमद आले, आणि चित्रकारांचे तंबू पडले ते याच बाजूला. नकलांचं पुस्तक १९१५ मध्ये निघालं, त्यात काम करणाऱ्या चित्रकारांची नावं आहेत. तंबूंभोवती रात्री जो कुणी फिरला असेल, त्याचं नाव मी शोधलं नाही, पण कुणीतरी फिरला असणार. या डोंगरांत तेव्हा वाघही होता.

भुरीला सराईत फार रस वाटला नाही. तिने एका दगडावर कागदपत्रं केली आणि सावलीत बसली.

दुसऱ्या रात्री आम्ही पाळी लावली. दोनपर्यंत मी, पुढे ताई. एकही फेरी सोडायची नाही. थंडी बरी होती. बाबा शेकोटीजवळ बाजेवर घोंगडी घेऊन पडायचे आणि घड्याळ नसताना उठायचे. झोप अशी तुकड्यांत घेऊन चालते का, मला माहीत नाही. डोळे त्यांचे लाल असतात आणि दुपारी ते लिंबाखाली तास-दीड तास मेल्यासारखे झोपतात, तेवढं मी पाहिलं. याला काम म्हणावं तर पगार नाही, धंदा म्हणावं तर त्या रात्री तीन गाड्यांचे मिळून दोनशे रुपये जमले होते. साडेबाराच्या फेरीला भुरीने दाराशी नाक लावलं. मी दार सरकवलं तर उडी मारून त्यांच्यामागे गेली. बाबांनी वळूनही पाहिलं नाही, जणू रोजचंच. काठी ठक् करणार, भुरी तो टायर हुंगणार. गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडा आपणच ओढतोय. आमच्या भुरीचा तोरा तसाच होता.

सकाळी ताईने आकडा सांगितला. तिच्या वाटणीच्या तीन, माझ्या तीन. सहा.

"सहाच," ताई मला हळूच म्हणाली. दोन रुपयांसाठी भांडणारी माझी बहीण बाबांना मात्र काही बोलली नाही.

मंगळवारी लेणी उघडली. लेण्यांच्या आवारात पाळीव जनावर नेता येत नाही आणि फेब्रुवारीतसुद्धा बंद गाडी दुपारी भट्टीसारखी तापते, कुत्रं तिच्यात ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून एकीने जायचं, एकीने थांबायचं असंच आम्ही धरून चाललो होतो, त्या कर्नाटकातल्या जोडप्यासारखं. बाबांनी साखळी हातातून काढून घेतली. "दोघी जा. येगयेगळं पाहून काय बोलनार मंग एकमेकीसंगं?"

त्यांनी स्वतः लेणी पाहिलीत का, विचारलं. "ल्हानपनी. अंधारच व्हता समदा. एक जन पत्रा धरून उनाचा कवडसा आत टाकायचा. मला धरायला दिला व्हता थोडा येळ." काय दिसलं, तर म्हणाले, पत्रा धरणाऱ्याला काय दिसणार.

वाघूर नदीच्या वळणावरच्या त्या लेण्यांबद्दल मी नवीन काही लिहावं असं नाही. एवढंच सांगते, की १७ व्या लेण्यात सुतसोम जातकाच्या चित्रात सुदास राजा शिकारीला निघालाय आणि त्या लवाजम्यात कुत्री आहेत. आजवर चार वेळा मी त्या भिंतीसमोर उभी राहिले होते, मला कधी दिसली नव्हती. या वेळी आधी तीच दिसली. ताई म्हणाली, हे बघ, यांना कसं आत घेतलं? तिथला राखणदार "आगे चलो" म्हणेपर्यंत आम्ही तिथेच होतो. तो दिवसभर त्या अंधारात उभा असतो, आणि दर दोन मिनिटांनी तेच दोन शब्द म्हणतो. एरवी मला त्याचा राग येतो.

दुपारी परतलो तर भुरी बाजेखाली झोपलेली, अंगाला मुरूम आणि पऱ्हाटीचा वास. डोळा उघडून आम्हाला पाहिलं आणि परत मिटला. दोन रात्रींचे दोनशे दिलेच होते, वर शंभर देऊ केले ते बाबांनी घेतले नाहीत. ताईने ते ढाब्यावर सुनेच्या हातात कोंबले. भुरीला गाडीत चढवायला मात्र दोघींचं बळ लागलं. बाबा मदतीला आले नाहीत, पाठ करून उभे राहिले.

गाडी हमरस्त्याला लागायच्या आधी ताईने आरशात पाहिलं आणि वेग कमी केला. मागे बाबा आमची गाडी जिथे दोन दिवस उभी होती त्या चौकोनाभोवती चालत होते. भर दुपारी, हातात काठी. चाकांच्या खुणांपाशी थांबत, खाली बघत. लिंबाच्या बाजूला वाकले आणि काहीतरी उचललं. उन्हात ते चमकलं. भुरीचं स्टीलचं ताट.

ताईने काही न बोलता गाडी मागे घेतली.